निंबर्गीसरांचा कबुलीजबाब

कॉलेजची स्मरणिका निघायची आहे, जुन्या अध्यापकांवर काही लिहून द्या, असं पत्र मला गेल्या महिन्यात आलं. सोबत नावांची यादी होती. अकरा नावं. त्यांतल्या तिघांशी माझं कधी धड बोलणंही झालेलं नव्हतं. निंबर्गीसरांचं नाव यादीत नव्हतं. ते का नाही हे सांगू शकेल असा माणूस आता त्या वेळच्या लोकांपैकी कॉलेजच्या बाजूनं मी एकटाच उरलो आहे, आणि यादी करणाऱ्यांनी मला काही विचारलं नाही. मी दोघांवर दीड-दीड पान लिहून पाठवून दिलं. हे मात्र तिकडं पाठवायचं नाही.

सर जाऊन सहा वर्षं झाली. आमचे तेव्हाचे चेअरमनही आता नाहीत. सगळे गेल्यावर याला धाडस आलं असं कुणी म्हणालं तर ते खोटं नाही.

आमचं कॉलेज सकाळचं. सातला पहिला तास, दहाला सुटायचं. गिरणीतले कारकून, यंत्रमागावरचे विणकर, एस.टी.चे कंडक्टर, दोन-चार नर्स, असे नोकरी सांभाळून शिकणारे लोक. वर्गातले निम्मे माझ्यापेक्षा वयानं मोठे. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मी मराठी शिकवायचो आणि टेंपररी होतो. दर जूनला नवी ऑर्डर हातात पडेपर्यंत झोप यायची नाही. निंबर्गीसर इंग्रजीचे. ते कायम होते, आणि तसे दिसायचेही.

अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातला हा माणूस. घरात कानडी, बाहेर मराठी, वर्गात इंग्रजी, आणि तिन्ही भाषा एकाच चालीत. वाक्य संपताना जरासं वर उचलायचे, त्यामुळं त्यांचं साधं बोलणंही प्रश्नासारखं वाटायचं. उंच, काटकुळे, खांदे थोडे पुढं आलेले. खिशात पानाची चपटी डबी असायची, पण पान ते खात नसत. डबीत खडू. कॉलेजचे खडू मोडतात म्हणून स्वतःचे आणायचे.

दहाला तास संपले की स्टाफरूममध्ये कडक भाकरी मोडून शेंगाचटणीशी खायचे. मोडल्याचा आवाज पार ऑफिसात जायचा. प्राचार्यांनी एकदा सौम्यपणे सुचवलं, घरून मऊ भाकरी आणता येईल का. सर म्हणाले, "मऊ आणली तर मी आलोय हे तुम्हाला कळणार कसं?"

आपण काहीही सांगितलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "हां, मग?" एकदा मी ऑफिसातल्या कारकुनावर चिडलो होतो. माझी ऑर्डर त्यानं आठवडाभर अडकवून ठेवलेली. मी म्हणालो, हलकट माणूस आहे. सर म्हणाले, "हां, मग? हा शेरा झाला की ओ. तो काय करतो ते सांगा." मी सांगायला लागलो. माझा कागद तो कसा मुद्दाम गठ्ठ्याच्या तळाला सारतो, मग वर हात ठेवून बसतो, साहेबांची बेल वाजली की दचकून उभा राहतो, आणि साहेबांनी दुसऱ्यालाच बोलावलंय हे कळल्यावर कसा हळूच खाली बसतो. सांगता सांगता माझा राग गेला. ते मला आवडलं नाही. सर भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "आता तो माणूस झाला."

प्रीडिग्रीच्या इंग्रजी पुस्तकात एक गोष्ट होती. परदेशातल्या एका खेड्यातला सुतार. शवपेट्या करणारा, हाताचा चोख. हा आपल्या मेहुण्याला गिरणीच्या तळ्यात ढकलून मारतो. मेहुण्याचा एक खांदा वर, एक खाली. सकाळी प्रेत सापडतं आणि दुपारी सुताराकडून पेटी येते. खांद्यांच्या मापासकट नेमकी बसते. गाव त्याचं कौतुक करतं. मयताची म्हातारी मावशी पेटीवरून हात फिरवते आणि डोळे पुसत म्हणते, बाबा, तू किती केलंस रे त्याच्यासाठी, पॉलिशसुद्धा वाळलंय. शेजारी गावचा पोलीस टोपी काढून उभा असतो. गोष्ट तिथंच संपते.

ही गोष्ट सर दरवर्षी शिकवायचे, आणि सपाट आवाजात, वीज मंडळाची नोटीस वाचावी तशी वाचायचे. हसू यायचं ते दोन वाक्यं उशिरा, आणि तोवर सर पुढं गेलेले असायचे. मग फळ्यावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात 'त्याला काय माहीत', दुसऱ्यात 'त्यांना काय माहीत', तिसऱ्यात 'आपल्याला काय माहीत'. आयरनी हा शब्द महिनाभर उच्चारायचे नाहीत. रकाने भरून घ्यायचे. गोष्टीतली ओळ न् ओळ कुठल्यातरी रकान्यात बसवायची. गिरणीचा भोंगा झाला की जिथं असतील तिथं, शब्दाच्या मध्यात असले तरी, थांबायचे, आणि भोंगा संपला की उरलेला अर्धा शब्द उच्चारून पुढं जायचे.

वर्गातल्या विणकरांना सुतार गुन्हेगार वाटायचाच नाही, ही गंमत सरांनीच मला सांगितली. सुरुवातीला त्यांना वाटलं, इंग्रजी कळलं नसेल. पुन्हा समजावलं. तेव्हा अंबादास बोद्दूल नावाचा एक जण उभा राहिला. तिशी उलटलेला, तेलुगू घरातला, आमच्या चेअरमनच्याच कारखान्यात चादरीच्या मागावर. तो म्हणाला, "समदं कळलं सर. मारला त्यो वाईटच केला. पण काम खोटं न्हाय केलं की. घाई असून पॉलिश वाळू दिलं." वर्गानं माना डोलावल्या. सर हे सांगताना पहिल्यांदाच माझ्यासमोर हसले. म्हणाले, लेखकाला हेच पाहिजे होतं रणदिवे, आणि माझ्या वीस वर्षांत हे कुणी बी.ए.वाल्यानं सांगितलं नाही.

याच बोद्दूलनं एकदा विद्यापीठाच्या पाहणीला आलेल्या साहेबांना गार केलं. साहेब मागच्या बाकावर बसले होते. मध्येच उठून त्यांनी इंग्रजीत विचारलं, आयरनी म्हणजे काय. बोद्दूल उभा राहून मराठीत म्हणाला, "साहेब, तुमी आलाय म्हून आज पंखं चालू हायत. आमाला म्हाईत हाय. तुमाला म्हाईत न्हवतं." साहेबांनी वर पंख्याकडं बघितलं, मग प्राचार्यांकडं. सरांनी खडू उचलून ते वाक्य मुकाट्यानं तिसऱ्या रकान्यात लिहिलं.

आता माझं.

त्या वर्षी सरांनी नवा स्वाध्याय काढला. ही गोष्ट तुमच्या पेठेत घडली असं समजा आणि तिचा पंचनामा मराठीत लिहा. पोलीस लिहितात तसा. मनातलं काही लिहायचं नाही, फक्त दिसलं ते. आपलं मराठी त्या कामाला पुरं पडणार नाही म्हणून वह्या तपासायला त्यांनी माझ्याकडं दिल्या. मी खूश झालो. तेव्हा मी चोरून कथा लिहायचो, कुठून तरी परत यायच्या, आणि या कॉलेजात आपल्याला कुणी लेखक समजावं अशी मला फार इच्छा होती. पुढं जे केलं त्यामागं एवढंच होतं. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं.

बोद्दूलचा पंचनामा सगळ्यांत चांगला होता. त्याचा सुतार सोलापुरातला चादर कारखानदार झाला होता. थोरल्या भावाला तो संपवतो. भाऊ सकाळी वारतो आणि दुपारी प्रेतावर घालायला कारखान्यातून कोरी चादर येते, तिच्यात मयताचं नाव विणलेलं, नावाआधी 'कै.' सुद्धा. शाई नव्हे, भरतकाम नव्हे, विणीतच. आता चादरीत नाव विणायचं तर आधी पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडावी लागतात, ते पत्ते मागावर चढवावे लागतात. दोन दिवसांचं काम. भटजीला हे माहीत नसतं, डॉक्टरला नसतं, फौजदाराला नसतं. खांदा द्यायला आलेल्या विणकरांना असतं. पंचनाम्याचं शेवटचं वाक्य होतं: 'हजर विणकर इसमांनी चादर पाहिली व एकमेकांकडे पाहिले.'

मी ते वाचलं आणि मला त्याचा हेवा वाटला. मी पेन्सिल घेतली. शुद्धलेखन सुधारता सुधारता कारखानदाराच्या वर्णनात दोन ओळी घातल्या. 'सदर इसम दर दोन मिनिटांनी सोन्याच्या पट्ट्याचे मनगटी घड्याळ कानास लावून ऐकत होता व भेटीस येणाऱ्या प्रत्येकास देवाची इच्छा असे सांगत होता.' घड्याळ कानाला लावायची आणि वाक्यागणिक देवाची इच्छा म्हणायची सवय सोलापुरात एकाच कारखानदाराला होती. आमच्या चेअरमनना. त्यांचे थोरले बंधू आदल्याच वर्षी हृदयविकारानं वारले होते. ते त्या वेळी माझ्या लक्षात राहिलं नव्हतं, असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. लक्षात होतं. अंत्ययात्रेला मी गेलो होतो.

बोद्दूलनं कॉलेजातून आलेली दुरुस्ती म्हणून ती जशीच्या तशी पक्क्या वहीत उतरवली. सरांनी उत्तम म्हणून तोच पंचनामा वर्गात वाचायला काढला. माझा तेव्हा तास नव्हता. मी व्हरांड्यात खिडकीशी उभा राहिलो, माझ्या ओळीला लोक कसे हसतात ते ऐकायला. घड्याळाच्या वाक्याला वर्गानं एकमेकांकडं बघितलं आणि मग तो असा हसला की शेजारच्या वर्गातले लोक उठून आले. सर थांबले. चेअरमनना त्यांनी वर्षाकाठी एकदा स्नेहसंमेलनात, तेही मागच्या रांगेतून बघितलेलं. हसू कशाचं ते त्यांना कळेना. त्यांनी बोद्दूलकडं बघितलं. बोद्दूलनं खिडकीकडं बघितलं. मी बाजूला झालो.

आठवड्यात ते हसू सगळ्या मागांवरून फिरून आलं. कारखान्यात कुणीतरी चेअरमनच्या पाठीमागं घड्याळ कानाला लावलं आणि मुकादमानं ते पाहिलं. बोद्दूलची पक्की वही त्याच्या कारखान्यातल्या पेटीतून निघाली. चेअरमनच्या घरी भावजय होती, तिच्या कानावर गेलं. ती त्या दिवशी जेवली नाही, असं नंतर ऐकलं. त्या बाईबद्दल मी त्या वेळी अजिबात विचार केला नव्हता.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली, सकाळी अकराला. चेअरमन, प्राचार्य, समितीतले एक वकील. माझं अक्षर आणि मराठी चांगलं, म्हणून वृत्तांत लिहून घ्यायला मला बसवलं. चेअरमन आरडाओरडा करणारे नव्हते. त्यांनी एवढंच सांगितलं की हे एकट्या विणकराच्या डोक्यातलं नाही, याला शिकवलेलं आहे. कुणी ते कळलं तर ठीक, नाहीतर हा कामावरून जाईल आणि सोलापुरात याला कुठंच माग मिळणार नाही याची मी व्यवस्था करीन. बोद्दूल दाराजवळ उभा होता. त्याच्यावर सहा माणसं जेवत होती, हे मला माहीत होतं. त्यानं वर्गातल्या निबंधात लिहिलं होतं आणि मी त्याला दहापैकी सात दिले होते. त्यानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

सरांना बोलावलं. ते आले, उभे राहिले. विचारायच्या आधीच म्हणाले, "मजकूर मी सांगितला. त्यानं उतरवून घेतला."

चेअरमननी विचारलं, "घड्याळाचं पण?"

"घड्याळाचं पण."

"का?"

सरांनी खिशातली खडूची डबी चाचपली. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. मग म्हणाले, "माणूस उभा करायला काहीतरी लागतं."

चेअरमनचा हात घड्याळाकडं गेला आणि अर्ध्यावर थांबला. प्राचार्य मला म्हणाले, घ्या लिहून. यानंतर मी जे केलं ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मी पेन उचललं आणि विचारलं, "'मान्य केले' लिहू की 'कबूल केले'?"

खोलीत सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सरांनीही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्यानं वर्गात अपेक्षेबाहेरचं उत्तर दिलं की ते जसे बघायचे, तसे बघत होते. "कबूल केले लिहा," ते म्हणाले. "पंचनाम्याच्या भाषेत तेच असतं."

मी लिहिलं. सुवाच्य लिहिलं. तो कागद अजून कॉलेजच्या फायलीत आहे.

सरांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. बोद्दूलची नोकरी राहिली, कॉलेज सुटलं. मला वाटत होतं की सरांनी फक्त बोद्दूलला वाचवलं. माझं त्यांना ठाऊक नाही. या समजुतीत मी चार महिने बऱ्यापैकी जगलो. सकाळी तास घेत होतो, दुपारी झोपत होतो. जूनमध्ये माझी ऑर्डर आली ती कायमची आली. स्टाफरूममधलं सरांचं कपाट मला मिळालं.

त्यानंतर एकदा बोद्दूल मला भाजीबाजारात भेटला. मी रस्ता बदलणार होतो, पण त्यानं हाक मारली. रीतसर नमस्कार केला. वहीचं काही मी विचारलं नव्हतं, त्यानं आपण होऊन सांगितलं. चौकशीच्या आदल्या दिवशी सर त्याच्या घरी गेले होते. कच्ची वही दाखव म्हणाले. तीत माझी पेन्सिल होती.

"लई येळ बघिटले," बोद्दूल म्हणाला. "मग खोडरबर मागिटले. पोराच्या दप्तरातनं काढून दिलो मी. बसून समदं खोडले. कागद फाटंल म्हून हळूहळू खोडले. फुंकर मारले, वही परत दिले. मी म्हटलो, सर, त्या सरांस्नी इचारा तरी. तर म्हटले, इचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागंल."

भाजीची पिशवी उचलून तो निघाला. जाताना म्हणाला, "तुमचं अक्षर मातर लई छान हाय सर."



मी सरांना भेटायला गेलो तो आणखी दोन वर्षांनी. ते मोहोळच्या एका हायस्कुलात लागले होते, आठवी-नववीला इंग्रजी. शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती. फाटकाशी मला बघून म्हणाले, "या रणदिवे. जेवायला बरोब्बर वेळेवर आलात." घरी नेलं. वहिनींनी भाकरी वाढली. सरांनी माझ्या नोकरीची, बायकोची, प्राचार्यांच्या दम्याची चौकशी केली. मुलांना शिकवायचं म्हणजे मजा आहे म्हणाले. इथल्या नववीच्या वर्गाला गाईवर निबंध सांगितला तर एकानं शेजाऱ्याच्या गाईनं ऊस खाल्ल्यावर झालेल्या भांडणाचा निबंध लिहिला, गाय त्यात फक्त उभी होती. ते हसत होते. थकलेले दिसत होते. शर्टाची कॉलर उलटून शिवलेली होती.

मी पाठ करून गेलो होतो. जेवताना जमलं नाही. स्टँडपर्यंत सोडायला ते सोबत निघाले, तेव्हा रस्त्यात मी सुरुवात केली. "सर, त्या वहीबद्दल मला..."

"नको," सर म्हणाले.

मी तरी पुढं बोलायला गेलो. ते चालायचे थांबले. आवाज चढवला नाही.

"तुम्ही सांगणार. रडणार कदाचित. मग मला 'असू दे' म्हणावं लागणार. घरी आलेल्या माणसाला दुसरं काय म्हणतात? रणदिवे, मला 'असू दे' म्हणायचं नाहीय."

पुढं आम्ही चालत राहिलो. त्यांनी एका विद्यार्थ्याच्या बापाला हात केला, एका सायकलवाल्याला बाजू दिली. मला काही वाटत नव्हतं. वाटायला हवं हे कळत होतं.

पुण्याकडून सोलापूरची गाडी आली, गच्च भरून. दाराशी झुंबड उडाली. मी मागं उभा होतो. सर लगबगीनं पलीकडून गेले, टाचा उंचावून खिडकीतून हात घातला आणि नुकत्याच रिकाम्या झालेल्या एका सीटवर आपला रुमाल टाकला. मग मला खूण केली, तिसरी खिडकी. मी धक्के खात आत गेलो, रुमाल उचलला, बसलो, आणि खिडकीतून तो त्यांना परत दिला. त्यांनी झटकला, घडी घातली, खिशात ठेवला.

"बसायला मिळालं ना," ते म्हणाले. "तासाभराचा रस्ता आहे."

गाडी हलायच्या आधीच ते वळले होते. शेंगांच्या हातगाडीला वळसा घालून, खांदे पुढं काढून ते निघाले. मी बघत राहिलो. शेजारचा माणूस माझ्यावरून वाकला, ऊन येतंय म्हणाला, आणि त्यानं खिडकी ओढून घेतली.